सिंगापूरहून: पन्नास सेकंद आणि दोन वर्षं

टॅम्पिनीजच्या सार्वजनिक तलावावर शनिवारी सकाळी गेलं की काठावर पाय ठेवायला जागा नसते. टॉवेल सांभाळत बसलेल्या आया, फळी धरून पाय मारणारी पोरं, ओणवे होऊन ओरडणारे प्रशिक्षक. त्यात एखादा मुलगा दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकत बटरफ्लाय मारत गेला, की सगळे त्याच्याकडे बघतात. कारण जोसेफ स्कूलिंग.

१३ ऑगस्ट २०१६, तोही शनिवारच. इथे सकाळचे नऊ वाजून गेले होते, रिओत शुक्रवारची रात्र होती. शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत एकवीस वर्षांच्या स्कूलिंगने ५०.३९ सेकंदांत भिंत गाठली. त्याच्यामागे ५१.१४ सेकंदांवर एकाच क्षणी तिघं: मायकल फेल्प्स, चॅड ल क्लो, लास्लो चेह. तिघांनाही रौप्य. ऑलिंपिकमध्ये सिंगापूरचं राष्ट्रगीत त्या दिवशी पहिल्यांदा वाजलं.

२००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला जाण्याआधी अमेरिकन संघ सरावासाठी इथे उतरला होता, तेव्हा तेरा वर्षांच्या, चष्मा लावलेल्या स्कूलिंगने फेल्प्सशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. रिओनंतर तो जगभर छापून आला. मला मात्र त्या फोटोनंतरची वर्षं मोठी वाटतात. चौदाव्या वर्षी तो फ्लोरिडाला शिकायला गेला, पुढे टेक्सास विद्यापीठात एडी रीस यांच्या हाताखाली तयार झाला. एकुलत्या एका मुलासाठी वडील कॉलिन आणि आई मे आलटून पालटून अमेरिकेत राहत.

आणि समोर होती एनएस, म्हणजे सक्तीची राष्ट्रसेवा. ती १९६७ पासून आहे; इथल्या मुलांना अठराव्या वर्षाच्या सुमारास आता दोन वर्षं सैन्यात, पोलिसात किंवा नागरी संरक्षण दलात काढावी लागतात. मंत्र्याचा मुलगा असो की टॅक्सीवाल्याचा, नियम एकच. या बरोबरीवर लोकांचा जीव आहे, आणि इतक्या चिमुकल्या देशात तो का आहे हे चार वर्षं राहिल्यावर मला पटतं. पण पोहणाऱ्याची तीच ऐन उमेदीची वर्षं. २०१३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्कूलिंगला रिओपर्यंत मुदत दिली आणि पुढे ती टोकियो ऑलिंपिकपर्यंत वाढवली. अशी मुदत आजवर बोटांवर मोजण्याइतक्याच खेळाडूंना मिळाली आहे. सुवर्णासाठी तेव्हा दहा लाख सिंगापुरी डॉलरचं बक्षीस होतं, त्यातला पाचवा हिस्सा खेळाच्या संघटनेकडे जायचा. पण त्याला मिळालेली खरी दौलत ती मुदत होती.

टोकियोत तो ५३.१२ सेकंदांवर अडकला आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वडील गेले. जानेवारी २०२२ मध्ये त्याने वर्दी चढवली. मे महिन्यात आग्नेय आशियाई स्पर्धेसाठी रजा मिळाली, त्या काळात परदेशात गांजा घेतल्याची कबुली त्याने नंतर दिली. इथे अमली पदार्थांबाबत दयामाया नाही. नागरिकाने परदेशात केलेलं सेवनही गुन्हाच. सराव आणि स्पर्धेसाठीची सवलत गेली. त्याने जाहीर माफी मागितली. तेव्हा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, घरातलंच पोर चुकावं तसं. एप्रिल २०२४ मध्ये तो निवृत्त झाला.

एनएसचा प्रश्न इथल्या मराठी घरांतही येऊन बसतो. आईवडिलांबरोबर मुलाने कायम वास्तव्याचा परवाना, ‘पीआर’, घेतला की त्यालाही एनएस लागू होते. तलावावर भेटणाऱ्या पुण्याच्या एक ताई मुलाच्या वेळा वहीत टिपून ठेवतात. मुलगा चौदाचा, बटरफ्लायच मारतो. गेल्या शनिवारी त्यांनी मला वही दाखवली. पहिल्या पानावर एनएसला जायचं वर्ष पेनाने लिहिलेलं होतं. त्याखाली पेन्सिलीने वेळा, खोडून खोडून पुन्हा लिहिलेल्या. शंभर मीटर अजून मिनिटाच्या आत आलेलं नाही.