तीन मिनिटांची वानगी

अडतीच्या दुकानात शंभर पोत्यांचा सौदा मूठभर दाण्यांवर ठरतो. पोत्यातून काढलेली वानगी खरी, तर माल खरा, अशी तेथील रीत आहे. अमेरिकेत साधारणपणे १९३५ ते १९४५ या दशकात बहरलेल्या ‘स्विंग’ या जाझ संगीताची पारख मात्र पुढील दोन-तीन पिढ्यांनी फारच अपुऱ्या वानगीवर केली. ती वानगी म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची, काळी ठिसूळ तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावत असे. वादकांनी नृत्यगृहात रात्री जे दहा मिनिटे रंगवले, ते दुसऱ्या दिवशी मुद्रणशाळेत तीन मिनिटांत आवरते घ्यावे लागे. ज्यांनी फक्त तबकड्या ऐकल्या त्यांना वाटले, हे संगीत म्हणजे गोड, चटपटीत, थोडक्यात आटोपणारे करमणुकीचे प्रकरण असावे.

आज लोकलच्या डब्यात कानाला यंत्र लावून बसलेल्या एखाद्या विशीतल्या तरुणाला काउंट बेसी किंवा ड्यूक एलिंग्टन हे नाव ठाऊक असते, आणि ते केवळ आजोबांच्या आठवणीतून आलेले नसते. हे संगीत नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्याला सुगम झालेले तंत्रज्ञान हे एक कारण आहेच. परंतु त्याहून रोचक असा भाग आहे तो म्हणजे पोत्यातला उरलेला माल हळूहळू हाती लागला, त्याची हकिगत.

प्रथम माल कोणता ते पाहू. स्विंगचा वाद्यवृंद साधारण पंधरा जणांचा असे. एका बाजूला सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, आणि मागे पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा लयविभाग. सॅक्सोफोनांनी एक छोटी स्वरावली टाकावी, पितळी वाद्यांनी तिला उत्तर द्यावे, ती पुन:पुन्हा घोळवावी, आणि त्या घोळणाऱ्या स्वरांवर एखाद्या वादकाने उभे राहून आपले उत्स्फूर्त वादन सादर करावे, असा तो एकूण व्यवहार. मात्र ‘स्विंग’ हे नाव ज्या गुणामुळे मिळाले तो लयीत आहे. मात्रेचे दोन भाग समान न ठेवता पहिला थोडा लांबवायचा आणि दुसरा आखडता घ्यायचा. त्यामुळे लय न चुकता झुलू लागते. कागदावर हे नेमके लिहिता येत नाही. आपल्या तबलजीच्या हातचे ‘वजन’ जसे बोल लिहून उतरत नाही, तसेच हे आहे.

या लयीचा पाया पाहायचा असेल तर बेसींच्या वृंदातील गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांच्याकडे लक्ष द्यावे. १९३७ मध्ये ते या वृंदात आले आणि १९८७ मध्ये निधन होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, तेथेच राहिले. स्वतंत्र वादन ते सहसा करीत नसत. विजेचे ध्वनिवर्धन न घेता ते प्रत्येक मात्रेवर एक आघात करीत, इतका हलका की नवख्या श्रोत्याला तो ऐकूच येत नाही. परंतु तो काढून घेतला तर सगळा वृंद खाली बसेल. पेढीवर कोपऱ्यात बसणारे, कोणाच्या नजरेत न भरणारे आणि तरीही ज्यांच्यावाचून पेढी उघडत नाही असे मुनीमजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ग्रीन लगेच उमगतील.

आता या संगीताच्या लोकप्रियतेचा मुहूर्त. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांचा वृंद १९३४-३५ मध्ये न्यूयॉर्कहून रेडिओवर दर शनिवारी वाजत असे. तीन तासांच्या त्या कार्यक्रमात त्यांची पाळी उशिरा येई आणि पूर्वेकडील श्रोते तोवर झोपलेले असत. १९३५ च्या उन्हाळ्यात वृंद दौऱ्यावर निघाला, तेव्हा ठिकठिकाणी त्याचे थंड स्वागत झाले. २१ ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात मात्र तरुणांची झुंबड उडाली. कॅलिफोर्नियाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे असते. पूर्वेची मध्यरात्र ही तेथील ऐन संध्याकाळ होती. गुडमन यांचा माल कोणत्या बाजारात खपतो आहे, हे खुद्द त्यांनाच तोवर कळले नव्हते.

त्या रात्री ज्या रचनांनी गर्दी पेटली, त्यांतील महत्त्वाच्या रचनांची लिखित मांडणी, म्हणजे कोणी केव्हा काय वाजवायचे याचा आराखडा, फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने केलेली होती. त्यांचा स्वतःचा उत्तम वृंद आर्थिक अडचणीत आला होता आणि ते आपल्या मांडण्या गुडमन यांना विकत होते. गुडमन यांनी हेंडरसन यांचे ऋण कधी लपवले नाही, आणि पुढे पियानोवादक टेडी विल्सन व व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्यासोबत उघडपणे मंचावर बसवले. त्या काळच्या अमेरिकेत हे धाडस होते. तरीही ‘स्विंगचा राजा’ ही पदवी गुडमन यांना मिळाली आणि हेंडरसन यांचे नाव पुढे जाणकारांपुरते उरले, हा हिशेब जुळत नाही तो नाहीच.

त्या हिशेबाची दुसरी बाजू हार्लेममध्ये होती. न्यूयॉर्कच्या या कृष्णवर्णीय वस्तीत १९२६ साली ‘सॅव्हॉय’ हे नृत्यगृह उघडले. तेथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचू शकत. दोन वाद्यवृंदांसाठी दोन मंच असल्यामुळे संगीत खंडित होत नसे. ड्रमवादक चिक वेब हे तेथले घरचे वृंदप्रमुख. पाठीच्या कण्याच्या क्षयाने त्यांची वाढ खुंटलेली होती, अंगात सतत वेदना असत, आणि तरी त्यांच्यासमोर वाजवायला भलेभले कचरत. एला फिट्झजेराल्ड ही किशोरवयीन गायिका त्यांच्याच वृंदात पुढे आली. ११ मे १९३७ रोजी गुडमन यांचा वृंद सॅव्हॉयमध्ये वेब यांच्याशी ‘सामना’ करण्यास आला. हजारो लोकांना दारातून परत जावे लागले. उपस्थितांनी एकमुखाने कौल दिला तो वेब यांना. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, वेब वारले. त्या रात्रीचे वादन कसे होते याची कल्पना तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून करावी लागते.

त्या तबकड्यांबद्दल थोडे विषयांतर. त्या दगडाच्या भुकटीच्या बनत आणि भुकटीला बांधून ठेवीत असे ती लाख. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील बारीक किड्यांच्या स्रावापासून ती तयार होते आणि ती गोळा करताना असंख्य किडे मरतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये ‘लाक्षावाणिज्य’ का आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको. हार्लेममधल्या त्या झुलत्या लयीखाली छोटा नागपूरच्या जंगलातला हा व्यापार होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

महायुद्धाने तोच पुरवठा अडवला. १९४२ च्या वसंतात अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक कपात लादली. जुनी तबकडी आणून द्या, मग नवी मिळेल, असे दुकानदार सांगू लागले. परत आलेल्या तबकड्या दळून त्यांच्या नव्या तबकड्या झाल्या. म्हणजे वानगीतलीही काही वानगी भुकटी होऊन गेली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या प्रश्नावर मुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी त्याचा शेवट १९४४ च्या नोव्हेंबरात झाला. दरम्यान वादक सैन्यात गेले, पेट्रोलच्या नियंत्रणामुळे दौरे अवघड झाले, नाचाच्या जागांवर कर बसला. पंधरा माणसांचा पगार परवडेनासा झाला आणि युद्ध संपता संपता बहुतेक मोठे वृंद मोडले.

आता उरलेल्या मालाची गोष्ट. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल सॅव्हरी नावाचा तरुण न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण-अभियंता म्हणून काम करीत होता. नृत्यगृहांतून रात्री होणारी थेट प्रक्षेपणे तो रेडिओवरून स्वतःसाठी मुद्रित करी. त्याच्या हाताशी व्यावसायिक कामाच्या मोठ्या तबकड्या होत्या, त्यांवर तीन मिनिटांची मर्यादा नव्हती. अशा सुमारे हजार तबकड्या जमल्या. त्यांवर शंभराहून अधिक तासांचे वादन होते. त्यांतले थोडे काही वगळता सॅव्हरी यांनी हा संग्रह कोणाला ऐकू दिला नाही. सॅक्सोफोनवादक आणि अभ्यासक लॉरेन शोएनबर्ग त्यांच्याकडे वर्षानुवर्षे विनंती करीत राहिले, व्यर्थ. २००४ मध्ये सॅव्हरी वारले. खोकी त्यांच्या मुलाकडे गेली. अखेर २०१० मध्ये तो संग्रह हार्लेममधील राष्ट्रीय जाझ संग्रहालयाने घेतला, ज्याचे संचालक तेव्हा शोएनबर्गच होते.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील लेपाचे पापुद्रे काही तबकड्यांवरून सुटू लागले होते, काहींना बुरशी धरली होती. काही तबकड्या एकदाच वाजवता येतील अशा अवस्थेत होत्या. ज्यांच्या घरी वडिलार्जित खोकी माळ्यावर पडून आहेत, त्यांनी या गोष्टीतली ती सहा वर्षे विशेष लक्षात घ्यावीत. सॅव्हरी यांना मी सरसकट दोष देणार नाही. त्यांनी मुद्रण केले नसते तर आज भांडायलाही काही उरले नसते. पण जपणे आणि कोंडून ठेवणे यांत अंतर आहे, आणि या संग्रहाच्या बाबतीत ते थोडक्यात निभावले.

त्यात काय मिळाले? एक उदाहरण पुरे. कोलमन हॉकिन्स यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये सॅक्सोफोनवर वाजवलेले ‘बॉडी अँड सोल’ हे जाझच्या इतिहासातील सर्वांत ख्यातनाम तबकड्यांपैकी एक. तिची लांबी तीन मिनिटे. सॅव्हरी यांच्या संग्रहात हॉकिन्स यांचे हेच गीत १९४० मधल्या एका प्रक्षेपणातून मिळाले, आणि ते जवळजवळ दुप्पट लांबीचे आहे. तबकडीवर जेथे शेवट होतो तेथून हॉकिन्स पुढे जातात, नवी वाट काढतात. एखाद्या ख्यालाचा पूर्वार्धच आपण ऐकत होतो असे वाटावे, तसा हा अनुभव आहे. स्वामित्वहक्कांच्या गुंत्यामुळे आणखी काही वर्षे हा संग्रह केवळ संग्रहालयात जाऊनच ऐकता येई. २०१६ पासून त्यातील निवडक भाग सर्वांना खुले झाले.

दुसरा दुवा कानांऐवजी पायांतून आला. सॅव्हॉयमध्ये ‘लिंडी हॉप’ नावाचे जोडीनृत्य घडले. जोडीदाराला हवेत उचलण्याच्या करामती त्यात आणल्या त्या फ्रँकी मॅनिंग या तरुणाने, १९३५ च्या सुमारास. काळ बदलला आणि मॅनिंग टपाल खात्यात नोकरीस लागले. तेथे त्यांनी सुमारे तीस वर्षे काढली. १९८० च्या दशकात जुन्या चित्रपटांतून हे नृत्य पाहिलेल्या कॅलिफोर्नियातील आणि स्वीडनमधील काही तरुणांनी त्यांना शोधून काढले. फोनवर नर्तक मॅनिंग हेच का असे विचारले असता, आपण टपाल खात्यातले मॅनिंग आहोत, असे उत्तर त्यांनी दिल्याची हकिगत सांगतात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पुढे २००९ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षांना महिनाभर कमी असताना वारेपर्यंत, देशोदेशी शिकवत फिरला. स्वीडनमधील हेरेंग या खेड्यात दर उन्हाळ्यात जगभरचे नर्तक जमतात. आजच्या स्विंगच्या श्रोत्यांपैकी पुष्कळ जण या वाटेने आलेले आहेत. समीक्षकांनी जी जुनी तबकडी केवळ ऐकली होती, ती कशासाठी वाजत होती हे त्यांच्या पायांना कळले.

आपल्या कानांना हे सर्वस्वी परके वाटू नये, याचे एक कारण मुंबईत आहे. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होते. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले गोव्याचे वादक त्यांच्याकडून हे संगीत शिकले आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत दाखल झाले. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याच्या रामचंद्रांच्या चाली आणि अल्दोन्याच्या वाझ यांची पितळी वाद्ये आपल्या घराघरांत ऐकली गेली. जाझ हा शब्द मात्र त्यांच्यासोबत सहसा उच्चारला गेला नाही.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याने बेसींच्या १९३७ मधील ‘वन ओ’क्लॉक जंप’पासून आरंभ करावा आणि पहिल्यांदा ऐकताना केवळ लयविभागाकडे कान द्यावा. मग एलिंग्टन यांच्या वृंदाचे १९४१ चे ‘टेक द ए ट्रेन’ ऐकावे. ती रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची. त्यानंतर हॉकिन्स यांचे तबकडीवरील ‘बॉडी अँड सोल’, आणि त्याला लागूनच सॅव्हरी यांच्या संग्रहातील लांब ‘बॉडी अँड सोल’. दोन्हींमध्ये खंड पडू देऊ नये. तबकडीची तीन मिनिटे संपल्यावरही दुसऱ्या मुद्रणात हॉकिन्स पुढे वाजवत राहतात.