राज्य-नामांकनाद्वारे कुशल कारागिरांचे स्थलांतर : स्वरूप व मर्यादा

साखर कारखान्यांमुळे नेवासा तालुक्याला फिटर, वेल्डर हे व्यवसाय अपरिचित नाहीत. अशा कारागिराने ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्याचा विचार केल्यास तेथील राज्य-नामांकनाचे स्वरूप प्रथम समजून घेणे इष्ट ठरते. नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात. पैकी १५ गुण नामांकनामुळे मिळतात. मात्र नामांकन म्हणजे व्हिसा नव्हे. अंतिम निर्णय संघ सरकारचाच असतो. नामांकनाच्या भरवशावर जमीन गहाण टाकणे म्हणूनच धोक्याचे होय. आयटीआयचे प्रमाणपत्रही पुरेसे नसते. कौशल्याचे मूल्यमापन तेथील मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे लागते. व्हिसाची मुदत पाच वर्षे असून सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन वगळून अन्यत्र राहावे लागते. अटी पाळल्यास तीन वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.