कॅराव्हॅनचा मुक्काम वारंगा फाट्यावर

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक गाडीबद्दल असतं. आत पलंग किती, ओटा कसा, फ्रीज चालतो का, भाडं किती. धोरणात गाडीइतकाच भर तळावर, म्हणजे पाणी, वीज आणि रस्ता असलेल्या कॅराव्हॅन पार्कवर आहे. पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. युरोपात घर गाडीत घालून हिंडण्याची पद्धत रुजली ती गाड्या चांगल्या होत्या म्हणून नव्हे. फ्रान्समधल्या लहानसहान गावांच्या नगरपालिकांनी गावाच्या कडेला चार गाड्या उभ्या राहतील अशी जागा, एक नळ आणि सांडपाणी ओतायची सोय करून दिली. प्रवासी रात्री थांबतो, सकाळी गावातल्याच दुकानातून पाव, भाजी, चीज घेतो. जर्मनीतही हेच. आपल्या इथेही आधी तळ हवा, आणि तो महाबळेश्वरला किंवा कोकणातच हवा असं नाही. हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा त्यासाठी अधिक योग्य आहे.

कारण साधं आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेड-देगलूरकडे जाणारा १६१ क्रमांकाचा आणि तुळजापूर-लातूर-नांदेडहून यवतमाळ, वर्धा करत नागपूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथे एकत्र येतात. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, नांदेडचा सचखंड गुरुद्वारा आणि माहूरची रेणुका, यांतलं कुठलंही ठिकाण इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहे. शिवाय हा मुलूख फिरत्या घरांना नवखा नाही. दक्षिणेतल्या मोहिमांत सैन्याला धान्य पुरवणारे बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालत, आणि पाणी व चारा जिथे मिळेल तिथेच उतरत. पल्ला किती मारायचा हे त्यांचा तळच ठरवी. तांड्याच्या वस्त्या आजही या जिल्ह्यात जागोजाग आहेत.

आता तळावर नेमकं काय लागतं ते पाहू. कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला एक लहान दार असतं. ते उघडलं की संडासाची चाकं लावलेली टाकी ओढून काढता येते. तिच्यात सुमारे अठरा-वीस लिटर मावतात, म्हणजे चार माणसांचं कुटुंब असेल तर दोन दिवसांत ती भरते. ती ओतायला जागा नसेल तर कितीही महागडी गाडी तिसऱ्या दिवशी घर राहत नाही. युरोपात ही टाकी गटाराला जोडलेल्या कुंडीत रिकामी होते. फाट्यावर भुयारी गटार गृहीत धरता येणार नाही, इथे सेप्टिक टँकच बांधावा लागेल. अशा वेळी टाकीत फॉर्मल्डिहाइडचं औषध घालणं चुकीचं, कारण सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. जैविक औषधच वापरावं, आणि तळाच्या पाटीवर ते ठळक लिहावं. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र शोषखड्ड्यात सोडता येतं.

पहिला आक्षेप ठरलेला: मराठवाड्यात कॅराव्हॅन येतात तरी किती? थोड्याच. पण हा तळ फक्त कॅराव्हॅनसाठी करायचा असं कुणी सांगितलं? क्रूझर, टेम्पो ट्रॅव्हलर, देवदर्शनाला निघालेल्या मिनीबस या रस्त्याने येतात, आणि त्यांतल्या बायकांना रात्री नऊला स्वच्छ संडास आणि पहाटे अंघोळीची आडोशाची जागा मिळत नाही. ही गैरसोय वर्षानुवर्षांची आहे आणि ती मला फार खटकते. ढाब्यावर गाडी फुकट उभी करता येते हे खरं, पण ढाब्याची सोय ट्रकचालक पुरुषाच्या गरजेवर बेतलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सार्वजनिक शौचालय बांधलं की सहा महिन्यांत कुलूप लागतं, मग इथे वेगळं काय होईल? सुस्थितीत राहण्याची हमी इमारतीत नसते, रोज झाडणाऱ्याला मिळणाऱ्या पैशात असते. पंढरीच्या वाटेवर लाखोंच्या गर्दीत ‘निर्मलवारी’ या स्वच्छता उपक्रमातली फिरती शौचालयं चालली, कारण ती राखायला माणसं नेमलेली होती. फाट्यावर हे काम गावातल्या महिला बचत गटाला द्यावं, रात्रीचं भाडं थेट त्यांनी घ्यावं, आणि शेजारीच हळद, केळी, भाजी-भाकरी विकण्याचा हक्क त्यांनाच असावा. अर्धापूरची केळी आणि वसमतची हळद इथून हाकेच्या अंतरावर आहे.

प्रवाशानेही काही पथ्यं पाळायला हवीत. मराठवाड्यातला उन्हाळा पत्र्याच्या घरात काढण्यासारखा नाही. दिवाळी ते महाशिवरात्र हाच हंगाम. नेमका तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो, आणि अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते तेव्हा ती ओळखायला उशीर झालेला असतो. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा. गाडी चालू असताना गॅसची टाकी बंद ठेवावी, जड सामान खाली आणि चाकांच्या मध्ये ठेवावं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात यवतमाळकडून निघालेली कुटुंबं याच ३६१ क्रमांकाच्या महामार्गावरून जातात. तळाची पहिली चाचणी त्याच दिवसांत, दोन नळ, चार संडास आणि एक सेप्टिक टँक एवढ्यावर घेता येईल.