बीड, बीप आणि दोन वायरी

तुमच्या गाडीत किती कॉम्प्युटर आहेत, सांगा पाहू. एक? दोन? चुकलात राव! साध्या हॅचबॅकमध्येही इंजिनाचा वेगळा, एबीएस ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, पॉवर स्टिअरिंगचा वेगळा आणि डॅशबोर्डचा आणखी वेगळा. ही सगळी मंडळी अखंड गप्पा मारत असतात. आपण आपले एफएमवर ताल धरून बसलेलो आणि खाली दर सेकंदाला शेकडो निरोप धावताहेत!

या गप्पांचा फंडा मला कळला तो पुण्यात नाही, चक्क बीडमध्ये. दिवाळीला गावी गेले होते. गाडी आठवडाभर मळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी. निघायच्या दिवशी चावी फिरवली आणि बीप, बीप, बीप... एबीएसचा दिवा लागलेला, स्टिअरिंगचा लागलेला, आणि गाडी पळतेय तरी स्पीडोमीटर ढिम्म शून्यावर. इंजिन मात्र एकदम मस्त. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "मॅडम, एबीएस मॉड्यूल गेलंय. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला." गाडी न बघता!

चुलतभाऊ म्हणाला, आधी आपल्या मामांना दाखवू. बार्शी नाक्याकडे छोटंसं गॅरेज, बाहेर दोन ट्रॅक्टर, आणि पन्नाशीचे मामा. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला यू-०१२१. मी लगेच चाळीस हजारांची कहाणी ऐकवली. मामा हसले. "ताई, मॉड्यूल गेलंय असं मशीन कुठं म्हनतंय? ते म्हनतंय, एबीएस बोलंना झालंय. मानूस फोन उचलंना म्हनून मेला का?"

पॉइंट आहे ना? पूर्वी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असायची. इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तशी वायरिंगची जुडी जाड आणि जड होत गेली. १९८३मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने यावर काम सुरू केलं आणि १९८६मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत 'कॅन' ही पद्धत मांडली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, आणि सगळे मॉड्यूल त्यांनाच जोडलेले. बस्स!

निरोपावर कुणाचा पत्ता नसतो, ही त्यातली गंमत. एसटी स्टॅण्डवरची अनाउन्समेंट आठवा. परळीची गाडी लागली हे ऐकतात सगळे, उठतात फक्त परळीवाले. तसंच इथे. चाकं किती वेगाने फिरताहेत हे एबीएस ओरडून सांगतं. डॅशबोर्ड त्यावरून काटा हलवतो, स्टिअरिंग त्यावरून किती हलकं व्हायचं ते ठरवतं. प्रत्येक निरोपाला नंबर असतो. दोघे एकदम बोलायला लागले तर लहान नंबरवाला पुढे जातो, दुसरा गप्प बसून आपली पाळी येईपर्यंत थांबतो. (आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे कधी येणार?)

म्हणजे एबीएस एकटं गप्प बसलं आणि बाकीचे बोंबलायला लागले. पण ते गप्प का, हे स्कॅनर सांगत नाही. तिथे मामांचा साधा मल्टिमीटर कामाला आला. बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले आणि सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर धरला. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जागेवर असले की मीटर साधारण ६० दाखवतो. आमचा दाखवत होता १२०. म्हणजे एक टोक तुटलेलं. माझ्या गाडीत ते टोक एबीएसच्या पोटात आहे. मग मॉड्यूल खराब की तिथपर्यंतची वायर? मामांनी बॉनेट उघडलं, वायरिंगवर बोट फिरवत गेले आणि चाकाच्या वर थांबले. उंदीर! दोन्ही वायरी कुरतडलेल्या.

सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली आणि, हे महत्त्वाचं, पीळ पुन्हा तसाच घातला. पीळ असला की बाहेरचा विजेचा खडखडाट दोन्ही वायरींना सारखाच लागतो. मॉड्यूल फक्त दोघींतला फरक वाचतं, त्यामुळे निरोप बिघडत नाही. पुन्हा ६० ओहम. कोड पुसला, चक्कर मारली, काटा हलला. बिल? सहाशे रुपये.

भारतात एप्रिल २०१३पासून कार्समध्ये ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे प्रदूषणाशी संबंधित कोड कुठल्याही साध्या स्कॅनरवर दिसतात. एबीएस, एअरबॅग, चावी यांच्या पोटात शिरायला मात्र बहुतेक वेळा कंपनीचं किंवा महागडं मशीन लागतं. याच दुखण्यावर २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढे अपिलं झाली. मामांच्या स्कॅनरचं अपडेट मात्र अजूनही दरवर्षी पैसे मोजून घ्यावं लागतं. "काही नव्या गाड्या तर पासवर्डच मागत्यात, ताई. मग हात जोडून परत पाठवतो." मुलाने आयटीआय केलंय, पण गॅरेजात यायचं की पुण्याला कंपनीत जायचं, हे त्याचं ठरत नाहीये. मामाही फार आग्रह करत नाहीत.

जाता जाता कामाची गोष्ट. कोडचं पहिलं अक्षर बघा. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे गप्पा बंद. यू दिसला की पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी बॅटरीचे व्होल्ट आणि वायरिंग तपासलं का, हे विचारा. आणि गाडी गंजीपासून लांब लावा.