उद्योजकांच्या भेटीचा एक दिवस : मुलांनी नेमकं काय शिकावं?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. मुलांनी गावातल्या कारागिरांकडे, व्यावसायिकांकडे जाऊन काम जवळून बघावं, हा त्यामागचा हेतू. पण प्रत्यक्षात काय होतं, ते आपण जाणतोच. चाळीस मुलांची रांग कारखान्यात जाते, मालक यशाची कहाणी सांगतात, गुलाबाचं फूल, बिस्किटचा पुडा, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्यांत एकच वाक्य : 'कष्ट केले की यश मिळते.'

यापेक्षा वेगळं करता येतं का? इचलकरंजीत आम्ही एका मुलीपुरतं करून पाहिलं. तेच सांगते.

इचलकरंजी हे यंत्रमागाचं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. आज इथलं कापड अनेक हातांतून जातं. म्हणून आम्ही मोठी नावं न शोधता एका धाग्याचा रस्ता धरला : सूत व्यापारी, सायझिंग, माग आणि शेवटी कापड व्यापारी. एका दिवसात चार भेटी.

सोबत मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त दिवाणजी होते. आयुष्यभर कारखान्यांचे हिशेब लिहिलेले, त्यामुळे सगळीकडे ओळख. त्यांची एकच अट : "प्रश्न पोरीनं विचारायचे. मी मधे बोलणार नाही."

मुलगी आठवीतली. वडील मागावर कामगार. घरी दर आठवड्याला पगारावरून बोलणं व्हायचं, म्हणून तिने प्रश्नही तोच निवडला : मजुरी कोण ठरवतं?

सूत व्यापाऱ्याकडे तिला कळलं, की सुताचा भाव रोज बदलतो. सायझिंगमध्ये पाहिलं, की उभ्या धाग्याला खळ देऊन बीमावर गुंडाळतात. खळ नसेल तर मागावर धागा सारखा तुटतो. तिसरी भेट मागाच्या कारखान्यात. खडखडाट इतका, की बोलायला बाहेर यावं लागलं. तिथे तिने थेट विचारलं, "काका, मालक तुम्ही, मग दर तुम्हीच ठरवता ना?"

ते हसले. "बाळ, मी खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. माझे फक्त माग, आणि विजेचं बिल."

मग दिवाणजींनी तिच्याच वहीत तिला हिशेब मांडायला लावला. कापडात एका इंचात जितके आडवे धागे, तितके पीक. मजुरी पिकावर ठरते. समजा, ५२ पिकाचं कापड आणि पिकाला १० पैसे दर. म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. यातूनच कामगाराचा पगार, वीज, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता. दर पिकामागे एकच पैसा उतरला तर? मीटरला ५२ पैसे कमी, हजार मीटरला ५२० रुपये!

कापड व्यापाऱ्याने चौथी बाजू सांगितली : माल आज जातो, पैसे उधारीवर, कधी महिना-दोन महिन्यांनी.

संध्याकाळी मुलीने वडिलांसमोर वही ठेवली. त्यांनी ती वाचली, मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण दर उतरला की आधी माझाच पगार दबतो, तेही लिही." तिने लिहिलं. मला वाटतं, दिवसभरातला सगळ्यात मोठा धडा हाच होता. चार उद्योजकांइतकंच तिच्या वडिलांनाही धंदा कळत होता, आणि त्यांचं म्हणणं वहीत यायलाच हवं होतं.

तुम्हाला हा दिवस करायचा असेल तर एवढं सांभाळा :

१. एका वेळी एक किंवा दोनच मुलं न्या.
२. गावातली एकच वस्तू धरा. गूळ, हळद, दूध, विटा, काहीही चालेल. तिच्या रस्त्यावरची माणसं भेटवा.
३. प्रश्न मुलाच्या घरातून येऊ द्या. आपण लिहून देऊ नका.
४. मालकाइतकाच वेळ कामगाराला द्या. शक्य असेल तर स्वतः धंदा चालवणाऱ्या एखाद्या बाईंचीही भेट ठेवा.
५. यंत्राजवळ वेणी घट्ट, ओढणी नको. मुलांनी फक्त बघायचं, काम करायचं नाही.
६. परतल्यावर निबंधाऐवजी एक हिशेब मागा.

पालकहो, त्या रात्री वही तुमच्यासमोर आली, तर फक्त 'छान' म्हणून मिटू नका. तुम्हाला माहीत असलेली एक ओळ त्यात घाला.