गरीब कोणास म्हणावें ?

गरिबी ओळखण्यास शास्त्राची गरज ती काय, असें पुष्कळांस वाटतें. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं तो गरीब, ही साधी व्याख्या मागील पिढ्यांस पुरत असे. परंतु सरकारनें गरिबांस धान्य, शुल्कमाफी वा रोख मदत देण्याचें मनावर घेतलें, त्या दिवसापासून ती अपुरी पडूं लागली. मदत द्यावयाची तर ती कोणास, हें ठरलें पाहिजे. आणि ठरवावयाचें म्हणजे कोठें तरी रेघ ओढणें आलेंच. रेघेच्या अलीकडचा तो गरीब, पलीकडचा नव्हे. ही रेघ कोणीं, कशाच्या आधारें व कोठें ओढली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. आणि मालेगांवासारख्या कामगारवस्तीच्या शहरांत तर तो हजारों कुटुंबांच्या रोजच्या भाकरीशीं निगडित आहे.

हिंदुस्थानांत हा प्रश्न आंकड्यांनीं प्रथम मांडला तो दादाभाई नौरोजी यांनीं. १८७६ सालीं मुंबईंत वाचलेल्या निबंधांत त्यांनीं १८६७-६८ सालचें देशाचें उत्पन्न माणशीं वर्षास सुमारें २० रुपये धरलें. मग माणसास जगण्यास लागतें तरी किती ? हें ठरविण्यासाठीं त्यांनीं दोन ठिकाणचे हिशेब घेतले : एक सरकारी तुरुंगाचा, व दुसरा परदेशीं मजुरीस जाणाऱ्या कुलींच्या जहाजाचा. सरकार कैद्यास जेवढें अन्नवस्त्र देतें तेवढेंहि मोकळ्या प्रजाजनाच्या वांट्यास येत नाहीं, असें त्यांतून निघालें. या युक्तिवादाचें सामर्थ्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच निबंधांतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या हिशेबांत सणवार, लग्नकार्य, सुखदुःखाचे प्रसंग, वाईट सालासाठीं शिल्लक, यांपैकीं कांहींच धरलेलें नाहीं, असें दादाभाईंनीं स्वतःच स्पष्ट केलें होतें. कैद्यास पाहुणा येत नाहीं. मोकळ्या माणसास येतो.

पुढें १८९९ सालीं इंग्लंडांत यॉर्क शहरीं सीबोम राउंट्री यांनीं मजूरवस्तीची घरोघर पाहणी केली. हे गृहस्थ चॉकलेटच्या कारखानदाराचे चिरंजीव. पण कामगारांच्या स्वयंपाकघराचा हिशेब त्यांच्याइतका बारकाईनें तोंवर फार थोड्यांनीं मांडला होता. केवळ शरीर धडधाकट राखण्यास पांच माणसांच्या कुटुंबास आठवड्याला किती शिलिंग लागतात, हें त्यांनीं काढलें. त्या अंदाजपत्रकांत टपालाच्या तिकिटास पैसा नव्हता, वर्तमानपत्रास नव्हता, बापाच्या तंबाखूस नव्हता. ‘हे लोक उधळे म्हणून गरीब’ असें म्हणणाऱ्यांचीं तोंडें बंद व्हावींत, यासाठीं माप मुद्दाम कठोर ठेविलें होतें. तरीहि शहरांतील दर दहा माणसांमागें एक त्याच्याखालीं सांपडला. १९३६ सालीं त्यांनींच त्याच शहराची पुन्हा पाहणी केली. या खेपेस गरजांच्या यादींत त्यांनीं वर्तमानपत्र घातलें, आणि रेडिओहि घातला. मधल्या सदतीस वर्षांत मजुराची भूक वाढली नव्हती. पण ज्या शहरांत तो राहत होता तें बदललें होतें, आणि शहराबरोबर माणसाची गरजहि बदलते हें राउंट्रींनीं मान्य केलें.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पुन्हा पोटापासूनच आरंभ झाला, व तें त्या काळीं योग्यहि होतें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दररोज माणशीं २,२५० उष्मांक हें प्रमाण धरलें. तितकें अन्न ज्या माणसाच्या ताटांत पडतें त्याचा एकंदर मासिक खर्च १९६०-६१ च्या भावांनीं खेड्यांत १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये येतो, असें त्यांनीं दाखविलें. शहरांतील सुमारें निम्मे लोक त्याखालीं होते. शहरांतील दारिद्र्य म्हणजे खेड्यांतून ओसंडून आलेलें दारिद्र्यच होय, हें त्यांचें प्रतिपादन. उपाय म्हणून त्यांनीं सार्वजनिक कामांवर रोजगार देण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच विचारांच्या काळांत, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आकारास आली. मात्र ती मुख्यतः ग्रामीण भागापुरतीच राहिली. शहरांतील मागावरच्या माणसास तशी हमी मिळाली नाहीं.

१९७९ सालीं नियोजन मंडळाच्या तज्ज्ञांनीं उष्मांकांचें प्रमाण खेड्यांत २,४०० व शहरांत २,१०० असें ठरविलें. तीस वर्षांनीं, २००९ सालीं, सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें उष्मांकांचें बंधन सोडून शिक्षण व औषधपाणी यांवरील खर्च हिशेबांत घेतला. सुधारणा स्तुत्य होती. पण लोकांच्या ध्यानांत राहिला तो एकच आंकडा. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें सरकारनें सांगितलें कीं, शहरांत दिवसास माणशीं ३२ रुपये खर्च करणारा गरीब नव्हे. पांच माणसांच्या कुटुंबास महिन्यास सुमारें ४,८०० रुपये. देशभर गदारोळ झाला. नंतर २०१४ सालीं रंगराजन समितीनें शहरासाठीं ४७ रुपये सुचविले. ती रेघ सरकारनें स्वीकारली नाहीं. इकडे लोकांचा खर्च मात्र पोटाकडून दुसरीकडे वळत होता. २०२२-२३ च्या सरकारी पाहणींत शहरी कुटुंबाच्या खर्चांत अन्नाचा वांटा शेंकडा ४० हूनहि कमी निघाला. बाकीचे साठ टक्के घरभाडें, प्रवास, दवाखाना, शाळा, टेलिफोन यांत जातात. हे सर्व चैनीचे प्रकार आहेत असें कोण म्हणेल ?

या ठिकाणीं ॲडम स्मिथची आठवण येते. १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें सदऱ्याचें उदाहरण दिलें आहे. प्राचीन ग्रीक व रोमन लोक तागी सदऱ्यावांचून सुखानें राहिले. पण त्याच्या काळच्या युरोपांत सामान्य मजुरासहि असा सदरा अंगावर नसतां चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणून सदरा ही गरज. जी वस्तु नसतां माणसास समाजांत मान वर करून वावरतां येत नाहीं ती गरजेची, असा त्याचा आशय. पुढें अमर्त्य सेन यांनीं याच उदाहरणाचा आधार घेऊन मांडलें कीं, लाजेवांचून वावरणें ही गरज सर्वत्र एकच. मात्र ती भागविण्यास लागणारी वस्तु देशकालाप्रमाणें बदलते.

मालेगांवीं हा सदऱ्याचा दाखला विशेष अर्थानें लागू पडतो, कारण तें शहरच कापडाचें. मोसम नदीकांठच्या या गांवीं १८५७ नंतर मऊ, आझमगड, बनारस या बाजूंनीं विणकर कुटुंबें आलीं व त्यांनीं हातमाग मांडले. मालेगांवची लुगडीं दूरवर जात. पुढें हातमागांच्या जागीं यंत्रमाग आले. आज तेथें विणलेलें कोरें कापड रंगाई-छपाईसाठीं परगांवीं जातें. दुसऱ्याच्या अंगावर वस्त्र घालणाऱ्या या माणसास सदऱ्याची वाण नाहीं. कापड आतां स्वस्त झालें आहे. त्याची लाज आतां दुसऱ्या वस्तूंत गुंतली आहे : मुलाची शिकवणी, मुलीच्या लग्नांतील देणेंघेणें, ईद वा दिवाळीस घरांत आणावयाचे नवे कपडे. उष्मांकांच्या कोष्टकांत यांपैकीं एकहि बसत नाहीं.

शुक्रवारीं तेथील माग बंद असतात. ती सुट्टी आणि सिनेमा यांचें नातें मालेगांवांत इतकें दृढ कीं, येथील होतकरूंनीं अल्प भांडवलावर स्वतःचे बोलपट काढले. २००० सालचा ‘मालेगांव के शोले’ हा त्यांतला प्रसिद्ध. पुढें सुपरमॅनवरील बोलपटांत नायकाचें काम एका यंत्रमाग कामगारानें केलें, आणि त्या उद्योगावर निघालेला माहितीपट परदेशींहि दाखविला गेला. बारा तासांच्या पाळीनंतर हीं माणसें सुपरमॅनचा झगा शिवून घेतात, यावरून ‘यांस गरीब कसें म्हणावें’ असा प्रश्न विचारणारे महाभाग आहेतच. राउंट्रींच्या पहिल्या अंदाजपत्रकांतून तंबाखू वगळण्यास लावणारे तेच लोक. केवळ काळ निराळा.

मागवाल्याचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याचे चार माग आहेत तो कागदोपत्रीं मालक. परंतु पुष्कळदां सूत व्यापाऱ्याचें, कापडहि व्यापाऱ्याचें. माग व जागा तेवढी त्याची, आणि मिटरामागें ठरलेली विणाई हेंच त्याचें उत्पन्न. सुताचा भाव चढला, कापडाचा उठाव थांबला, कीं पहिल्यानें काम थांबतें तें याचें. वीज गेली तरी तेंच. मागावर उभा राहणारा कामगार विणलेल्या कापडाप्रमाणें आठवड्याची मजुरी घेतो. माग थांबला कीं त्याचा आठवडा रिकामा जातो व तो मालकाकडून उचल घेतो. चार चांगले महिने पाहिले तर हीं दोन्ही कुटुंबें कोणत्याहि रेघेच्या वर. दोन वाईट महिने पाहिले तर खालीं. वर्षाच्या सरासरींत हें दिसत नाहीं. वस्तुतः गरिबीचें खरें लक्षण उत्पन्नाच्या लहानपणाइतकेंच त्याच्या बेभरंवशांत आहे, आणि हें कोणत्याहि दाखल्यावर लिहिलेलें नसतें.

आतां दाखल्यांकडे पाहूं. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रांत तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळ्या पत्रिकेसाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, केशरीसाठीं एक लाखापर्यंत, त्यापुढें पांढरी. पंधरा हजार म्हणजे साऱ्या घरास दिवसाचे ४१ रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर शहरी प्राधान्य कुटुंबासाठीं ५९,००० रुपयांची मर्यादा ठरली. २०१९ सालीं आर्थिक दुर्बळ घटकांस दहा टक्के राखीव जागा मिळाल्या, त्यांची मर्यादा आठ लाख रुपये. २०२४ सालीं लाडक्या बहिणीसाठीं अडीच लाख. एकाच तहसील कचेरींतून हे सर्व दाखले निघतात, आणि दिवसास ४१ रुपये मिळविणारें घर व दिवसास २,१९१ रुपये मिळविणारें घर, दोन्ही सरकारच्या लेखीं ‘दुर्बळ’ ठरतात. प्रत्येक योजनेचा हेतु निराळा, हें खरें. तथापि गरीब या शब्दास यांपैकीं कोणताच एक अर्थ नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

१९९९ च्या नियमांतील एक अट तर आवर्जून सांगण्यासारखी आहे. पिवळी पत्रिका हवी असेल तर घरांत टेलिफोन असतां कामा नये. त्या काळीं टेलिफोन हा सुस्थितीचा पुरावा होता. २०२५ सालीं लाडक्या बहिणीस आपली ओळख पटविण्यास सांगण्यांत आलें तेव्हां आधारास जोडलेल्या मोबाइलवर आलेले आंकडे भरणें आवश्यक झालें. सव्वीस वर्षांत टेलिफोन श्रीमंतीच्या खुणेवरून गरिबाच्या मदतीच्या किल्लीवर आला. ज्या बाईकडे मोबाइल नाहीं, किंवा आहे पण नवऱ्याच्या नांवावर आहे, तिची अडचण ॲडम स्मिथच्या सदऱ्याहून वेगळी नाहीं. धान्याच्या दुकानांत तर अंगठ्याचा ठसा लागतो, आणि कष्टानें झिजलेलीं बोटें यंत्रास अनेकदां ओळखूं येत नाहींत.

पैशावांचून गरिबी मोजण्याचा एक नवा प्रयत्न नीती आयोगानें २०२१ पासून चालविला आहे. त्यांत बारा गोष्टी पाहतात : पोषण, बालमृत्यु, मातेचें आरोग्य, शिक्षणाचीं वर्षें, मुलांची शाळेंतील हजेरी, आणि इंधन, शौचकूप, पाणी, वीज, घर, वस्तु व बँकखातें. आरोग्य, शिक्षण व राहणी यांस प्रत्येकीं तिसरा हिस्सा वजन. एकूण उणीव तिसऱ्या हिश्श्याइतकी भरली तर तें घर गरीब. या मापाप्रमाणें देशांत २०१९-२१ मध्यें शेंकडा १४.९६ लोक गरीब निघाले.

हें माप मागील मापांहून निश्चित चांगलें. पण तें मागाच्या वस्तींत कसें लागतें तें पहावें. समजा, एका कुटुंबाचें घर कच्चें आहे व बारा वर्षांचा मुलगा शाळा सोडून कांड्या भरूं लागला आहे. घराच्या उणिवेचें वजन एक-एकविसांश, शाळेच्या उणिवेचें एक-षष्ठांश. बेरीज एक-पंचमांशाहून किंचित् अधिक. म्हणजे हें घर गरीब नव्हे. त्याच घरांत कोणी कुपोषित निघालें तर आणखी एक-षष्ठांश मिळून तें गरिबांत मोजलें जातें. मुलाची शाळा सुटणें एकटें पुरेसें ठरत नाहीं. विजेचें तर विचारूंच नये : घरांत वीज आहे कीं नाहीं एवढेंच हें माप पाहतें, दिवसांतून किती तास आहे हें पाहत नाहीं, आणि मालेगांवांत मजुरी ठरते ती त्या तासांवर. बँकेंत खातें आहे, हेंहि मोजतात. मालकाकडे उचल किती, हें मोजीत नाहींत.

युरोपांत वेगळी रीत आहे. तेथें देशांतील मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या शेंकडा ६० हून कमी मिळविणारा तो दारिद्र्याच्या छायेंत, असें धरतात. ज्या समाजांत बहुतेकांच्या पोटाची सोय लागली आहे तेथें हें ठीक. परंतु केवळ मालेगांवापुरतें तें लावलें तर विलक्षण प्रकार घडेल. मंदी येऊन सगळ्या शहराचें उत्पन्न एकाच वेळीं निम्मे झालें, तर मधला माणूसहि खालीं येईल, आणि या मापाप्रमाणें गरिबांची संख्या जेथल्या तेथें राहील. उलट केवळ उष्मांकांचें माप लावलें तर शिधा मिळणारें जवळजवळ प्रत्येक घर सुस्थितींत ठरेल. यास्तव पोटाची रेघ एक, व चारचौघांत वावरण्याची दुसरी, अशा दोन रेघा निरनिराळ्या ठेवणें अधिक प्रामाणिकपणाचें. पहिलीखालीं असलेल्यास धान्य द्यावें, आणि त्यासाठीं अंगठा व मोबाइल यांची अट शिथिल असावी. दुसरीखालीं असलेल्यास धान्यानें फारसा उपयोग नाहीं. त्यास हवी ती मुलाची शाळा, दवाखान्याचा खर्च व कामाचे अखंड आठवडे. तहसील कचेरींतील अर्जावर वार्षिक उत्पन्नाच्या रकान्याशेजारीं आणखी दोन रकाने छापण्यास फारसा खर्च येणार नाहीं : गेल्या वर्षांत किती आठवडे काम मिळालें, आणि डोक्यावर उचल किती आहे.