चहासोबतची बटर बिस्किटे : एक आहारविचार

रुग्णाचा आहारेतिहास घेताना ‘सकाळी काय घेता?’ या प्रश्नास पुष्कळदा ‘काही नाही, फक्त चहा’ असे उत्तर मिळते. या ‘फक्त’मध्ये काय दडलेले असते, हे आम्हांस एका मधुमेही रुग्णामुळे उमगले. औषध व पथ्य यथासांग चालू असूनही त्यांची रक्तशर्करा उतरेना. खोदून विचारता दोन वेळच्या चहाबरोबर मिळून आठ बटर बिस्किटे नित्य पोटात जात असल्याचे कळले. ‘ते कुठे खाणे आहे?’ असे त्यांचे म्हणणे. चूक रुग्णाची नव्हे, आमच्या प्रश्नाची होती. म्हणून आम्ही दुकानातून तसेच पाकीट आणून चहाबरोबर स्वतः घेऊन पाहिले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी येथे विशेष लागू पडणाऱ्यांचा विचार पुढे मांडत आहोत.

प्रकृती : पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आमच्या पाकिटावर मैदा, साखर व पामतेल आधी आणि नावातले लोणी बरेच मागे होते. मात्राशितीय अध्यायात पिष्ट, इक्षु व क्षीर यांच्या विकृती स्वभावतः गुरु सांगितल्या आहेत. त्या तिन्ही येथे एकत्र येतात.

करण : ताजे नवनीत दीपन, ग्राही व हृद्य होय. तथापि भट्टीत मैद्यासह भाजलेल्या अल्पशा लोण्यामुळे ते गुण बिस्किटास प्राप्त होत नाहीत. भाजल्याने पाण्याचा अंश उडतो व पदार्थ खुसखुशीत होतो. हे लाघव जिभेपुरतेच असते. जाठराग्नीस तो गुरुच.

संयोग : चहात बुडवताच बिस्किट विरघळते. चर्वण घडत नाही आणि तृप्तीची जाणीव होण्यापूर्वीच दुसरे हाती येते. शिवाय साखर दोन्हींकडून मिळते.

राशी व काल : गुरु द्रव्ये तृप्तीच्या निम्म्याने वा तृतीयांशानेच घ्यावीत, असा शास्त्रादेश आहे; पाकीट उघडे असता तो पाळणे आम्हांसही कठीण गेले. दुपारचे अन्न जिरण्यापूर्वी चारच्या चहाबरोबर बिस्किटे घेतल्यास अध्यशन घडते.

उपयोक्ता : दीप्ताग्नी व व्यायामशील व्यक्तीने क्वचित दोन बिस्किटे घेतल्यास आमची हरकत नाही. मधुमेह, स्थौल्य व अग्निमांद्य असणाऱ्यांनी मात्र ती वर्ज्य करावीत. त्यांना भूक असल्यास मूठभर फुटाणे सुचवावेत. वातप्रकोप असल्यास तेही टाळावेत.

ट्रान्स मेदावर २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मैदा व साखर यांचे गुरुत्व त्यामुळे कमी होत नाही.

वैद्यबंधुभगिनींस विनंती इतकीच, की ‘काय खाता?’ एवढ्यावर न थांबता ‘चहाबरोबर काय, आणि किती?’ हेही आवर्जून विचारावे. अन्यथा औषधाची मात्रा वाढत राहील आणि हेतू मात्र बशीत तसाच राहील.